मशीन जातं, डिस्क राहते

व्हर्च्युअल मशीनला आणखी एक डिस्क जोडायला आज दोन मिनिटं पुरतात. ब्राउझरमध्ये मशीनच्या नावासमोरचा मेनू उघडायचा, यादीतली डिस्क निवडायची, बटण दाबायचं, झालं. काम इतकं सोपं असल्यामुळे त्याचा विचार कुणी करत नाही. खासगी क्लाउड सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींना रात्री-अपरात्री जे फोन येतात, त्यांतल्या बऱ्याच फोनांचं मूळ मात्र कुणीतरी केव्हातरी घाईत जोडलेल्या अशाच एखाद्या डिस्कशी जाऊन पोचतं.

खासगी क्लाउड हा शब्द भारी वाटतो, पण वस्तू साधी आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यानं ऐरोली, रबाळे, महापे या बाजूला गेलात तर जवळजवळ बिनखिडक्यांच्या मोठमोठ्या इमारती दिसतात. तिथे, किंवा एखाद्या बँकेच्या नाहीतर विद्यापीठाच्या स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये, सर्व्हरांच्या रांगा लावलेल्या असतात. त्यातल्या एकेका सर्व्हरवर सॉफ्टवेअरच्या मदतीनं अनेक व्हर्च्युअल मशीनं चालवायची आणि संस्थेतल्या ज्याला जसं लागेल तसं मशीन त्याला पडद्यावरूनच घेता येईल अशी सोय करायची, की झाला खासगी क्लाउड. हीच सोय ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट भाड्यानं देतात. तरीही अनेकजण स्वतःचा क्लाउड बाळगतात, कारण आपला डेटा कुठे आहे हे त्यांना बोट ठेवून दाखवता यायला हवं असतं. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेनं पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच साठवण्याचा आदेश काढला आणि त्याच्या तपासणीचा अहवाल संचालक मंडळाच्या मंजुरीनं सादर करायला सांगितलं. त्या आदेशात खासगी क्लाउडची सक्ती नव्हती. पण तोवर फक्त आम्ही सिस्टिमवाले विचारत होतो तो ‘डेटा नेमका कुठे?’ हा प्रश्न संचालकही विचारू लागले.

माझी बरीच वर्षं ओपनस्टॅकवर गेली, म्हणून इथली उदाहरणं त्यातलीच आहेत. नासा आणि रॅकस्पेस या दोघांनी मिळून 2010 मध्ये हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. जिनिव्हाजवळची सर्न ही कण-भौतिकीची प्रयोगशाळा 2013 पासून आपला क्लाउड त्यावरच चालवते.

ओपनस्टॅकमध्ये नवं मशीन घेतलं की त्याच्यासोबत एक डिस्क येते. तिच्यावर लिनक्स किंवा विंडोज असतं. साध्या मांडणीत ही डिस्क मशीनच्याच नशिबाशी बांधलेली असते: मशीन पुसलं की तीही गेली. जास्तीची जी डिस्क आपण नंतर जोडतो, तिची गोष्ट निराळी. ती आधी वेगळी जन्माला येते, मग एखाद्या मशीनला लावली जाते, उद्या तिथून काढून दुसऱ्याला लावता येते, आणि मशीन पुसलं तरी ती मागे उरते. हा फरक समजला की निम्मं काम झालं. तो न समजलेले लोक डेटाबेस पहिल्या डिस्कवर ठेवतात आणि जोडलेल्या डिस्कवर लॉग फाइली साठवतात. म्हणजे जे टिकायला हवं ते मशीनबरोबर जातं आणि ज्याची किंमत शून्य ते अनेक वर्षं राहतं.

बटण दाबल्यावर आत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. मशीनांचा कारभार नोव्हा नावाचा भाग पाहतो, डिस्कांचा सिंडर. सिंडर पूर्वी नोव्हाच्याच पोटात होता. 2012 च्या फॉलसम आवृत्तीत तो वेगळा झाला. माझ्या मते ओपनस्टॅकनं घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय, कारण डिस्कचं आयुष्य मशीनच्या आयुष्याहून वेगळं असतं हे त्यात मान्य केलेलं आहे. तर नोव्हा सिंडरकडे डिस्क मागतो. सिंडर ती राखीव असल्याची नोंद करतो आणि तिच्यापर्यंत पोचायचा पत्ता देतो. मशीन ज्या सर्व्हरवर चालू असतं, तो सर्व्हर त्या पत्त्यावर जाऊन नेटवर्कवरून डिस्क धरतो. मग क्यूईएमयू हे सॉफ्टवेअर चालू मशीनच्या आत असा देखावा उभा करतं, की कुणीतरी पेटी उघडून नवं कार्ड खुपसलं आहे. आतल्या लिनक्सला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला नवी डिस्क दिसते आणि ते तिला व्हीडीबी असं नाव देऊन मोकळं होतं.

आणि ही डिस्क खरोखर असते कुठे? स्टोरेज सेफ या प्रणालीचं असेल तर कुठेच एका जागी नसते. सेज वाइल यांनी कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात पीएचडी करताना ही प्रणाली रचली. तिच्यात प्रत्येक डिस्कचे चार-चार एमबीचे तुकडे पडतात. 100 जीबीची डिस्क पूर्ण भरली तर 25,600 तुकडे होतात, आणि नेहमीच्या मांडणीत प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरांवर ठेवल्या जातात. कुठला तुकडा कुठे, याची यादी कुठेही लिहिलेली नसते. दर वेळी गणित करून जागा काढली जाते. स्टोरेजचा एखादा सर्व्हर बंद पडला तरी तुमचं मशीन चालू राहतं ते या प्रतींमुळे. याची किंमत वेगात मोजावी लागते. प्रत्येक वेळी लिहिताना तिन्ही प्रतींचा होकार नेटवर्कवरून यावा लागतो, त्यामुळे सर्व्हरच्या पोटातल्या एनव्हीएमई डिस्कचा वेग इथे मिळत नाही. ‘लॅपटॉपवर तर फटाफट चालतं’ ही तक्रार इथून येते.

आता व्हीडीबी या नावाबद्दल. आधी सापडेल ती व्हीडीए, मग व्हीडीबी, मग व्हीडीसी, एवढाच त्याचा अर्थ. दोन-तीन डिस्का लावलेल्या असतील आणि मध्ये एक काढून पुन्हा लावली, की रीबूटनंतर क्रम बदलू शकतो. म्हणून एफएसटॅब या फाइलीत, जिथे कुठली डिस्क कुठे लावायची ते लिहितात, तिथे हे नाव कधी लिहू नये. फाइल सिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळख-क्रमांक, लिहावा. त्याच ओळीत ‘नोफेल’ हा शब्दही घालावा. तो नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर लिनक्स सहसा दीड मिनिट वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. जोडीची डिस्क नाही म्हणून अख्खं मशीन चालू व्हायला नकार देतं.

यूयूआयडीतही एक मेख आहे. डिस्कच्या स्नॅपशॉटपासून, म्हणजे तिच्या एका क्षणाच्या प्रतीपासून, नवी डिस्क बनवली तर तिचा यूयूआयडी मूळ डिस्कचाच असतो. दोन्ही एकाच मशीनला लावल्या आणि त्यांवर एक्सएफएस ही फाइल सिस्टिम असेल, तर ती दुसरी डिस्क माउंट करायला सरळ नकार देतं. चुकून पुसलेली फाइल स्नॅपशॉटमधून परत काढताना नेमकं हेच होतं. घाबरलेला माणूस मग ‘डिस्क करप्ट दिसतेय, फॉरमॅट करतो’ म्हणतो. करू नका. ‘नोयूयूआयडी’ हा पर्याय देऊन ती फक्त वाचण्यापुरती माउंट करा, फाइल काढून घ्या आणि डिस्क सोडवा.

जोडलेल्या डिस्कवर पार्टिशन करावं की नाही, यावर आमच्यात जेवणाच्या सुट्टीत वाद रंगतात. मी न करणाऱ्यांच्या बाजूचा. डिस्क एकाच कामाची असेल तर सरळ तिच्यावर फाइल सिस्टिम घालावी. उद्या डिस्क मोठी केली की फाइल सिस्टिम वाढवली, काम संपलं. पार्टिशन टेबलशी झटापट नाही. जुन्या एमबीआर पद्धतीचं टेबल तर दोन टीबीच्या पुढे जातच नाही. आणि मागतानाच मोठी डिस्क मागू नये. वाढवणं सोपं आहे. पण सिंडर डिस्क लहान करू देत नाही आणि एक्सएफएसही आकसत नाही. तरी अर्जांत बघावं तर ‘असू दे, लागेल’ म्हणून एक टीबी.

या ‘असू दे’मागे आणखी एक भानगड आहे. बहुतेक स्टोरेजवर एक टीबी मागितला म्हणजे तेवढी जागा लगेच बाजूला काढली जात नाही. जसजसं लिहाल तसतशी ती भरते. त्यामुळे प्रत्यक्षात आहे त्याहून कितीतरी जास्त जागेचं वचन देता येतं. सिंडरमध्ये हे प्रमाण मुळात वीसपट ठेवलेलं असतं. सगळ्यांनी एकदम वचन वसूल करायचं ठरवलं तर? सेफमधला एखादा भाग 85 टक्के भरला की इशारा येतो, आणि 95 टक्क्यांना लिहिणं थांबतं, तेही साऱ्यांचं. ज्याची डिस्क अर्धी रिकामी आहे त्याचंही. फाइली पुसूनही ही जागा आपोआप परत येत नाही, कारण मशीनमधली फाइल गेली हे स्टोरेजला कुणी सांगतच नाही. ते सांगण्यासाठी मशीनमध्ये एफएसट्रिम ही आज्ञा ठरलेल्या वेळी चालवावी लागते. मशीनला व्हर्टआयओ या नेहमीच्या पद्धतीनं दिसणाऱ्या साध्या डिस्कवर ही सोय लिनक्समध्ये 2019 साली, 5.0 आवृत्तीत आली. त्याहून जुनी लिनक्स मशीनं पुसलेली जागाही अडवून बसलेली असतात.

‘एकच डिस्क दोन मशीनांना लावून द्या’ ही मागणीही नियमानं येते. ओपनस्टॅकमध्ये 2018 पासून तसं करता येतं, पण करता येतं म्हणून करू नये. ईएक्सटी4 किंवा एक्सएफएस असलेली डिस्क दोन मशीनांनी लिहिण्यासाठी उघडली, की दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो आणि दोघं मिळून तिचा चुथडा करतात. हा धडाही जुना आहे. 1972 मध्ये आयबीएमनं व्हीएम/370 बाजारात आणलं, तेव्हाही व्हर्च्युअल मशीनं होती आणि खऱ्या डिस्कचे तुकडे करून वाटलेल्या ‘मिनीडिस्क’ही होत्या. लिंक या आज्ञेनं दुसऱ्याची मिनीडिस्क आपल्या मशीनला जोडता येई: फक्त वाचायला, लिहायला, किंवा अनेकांनी एकदम लिहायला. शेवटचा प्रकार तेव्हाही धोक्याचा मानला जाई. दोघांना एकच फोल्डर हवं असेल तर ते एनएफएसनं, म्हणजे नेटवर्कवरून वाटून, द्यावं. आणि डिस्कच हवी असेल तर जीएफएस2 सारखी त्यासाठीच बनवलेली फाइल सिस्टिम घालावी.

माझ्या कामाचा खरा कस मात्र डिस्क सोडवताना लागतो. डिस्क जोडताना मशीनची परवानगी लागत नाही, सोडवताना लागते. आतली फाइल सिस्टिम आधी अनमाउंट व्हायला हवी, आणि एखादी प्रक्रिया तिथे फाइल उघडून बसली असेल तर ती होत नाही. त्याआधीच पडद्यावरून ‘डिटॅच’ दाबलं की क्यूईएमयू आतल्या लिनक्सला विनंती करतं, आणि लिनक्सनं ऐकलं तरच कार्ड निघतं. नाही ऐकलं, किंवा मशीन तेव्हाच लटकलेलं असलं, तर सिंडरच्या नोंदीत डिस्क ‘डिटॅचिंग’ अशी अडकते. सातबारा एकाच्या नावावर आणि जमीन कसतोय दुसराच, असा हा प्रकार. मग अनेक नवशिके नोंद हातानं बदलून ‘अव्हेलेबल’ करतात. सातबारा बदलल्यानं कब्जा सुटत नाही: डिस्क जुन्या मशीनकडे उघडीच असते, नोंद मोकळी झाल्यामुळे नव्या मशीनला ती मिळते, आणि वर सांगितलेला दोघांनी लिहिण्याचा अपघात कुणी न मागता घडतो. आधी त्या सर्व्हरवर जाऊन डिस्क खरंच सुटली आहे का ते बघायचं, मग नोंदीला हात लावायचा. हा क्रम मी कुणासाठीही मोडत नाही, मग वरचे साहेब कितीही घाईत असोत.

शेवटी उरतात बेवारस डिस्का. भाड्याच्या क्लाउडमध्ये महिन्याअखेरीला बिल येतं आणि हिशेबनीस विचारतो, ही काय भानगड? खासगी क्लाउडमध्ये बिल येत नाही. मशीन पुसलं जातं, प्रकल्प संपतो, माणूस नोकरी बदलतो, आणि ‘टेस्ट2’, ‘नवीन’, ‘बॅकअप-जुना’ अशा नावांच्या डिस्का जागा धरून राहतात. पुसायची हिंमत कुणाची होत नाही, कारण आत काय आहे ते सांगणारं कुणी उरलेलं नसतं. सिंडरमध्ये प्रत्येक प्रकल्पाला मुळात 10 डिस्का आणि 1,000 जीबी अशी मर्यादा असते. ती अपुरी पडली की लोक वाढवून मागतात आणि आम्ही वाढवून देतो. वाढवण्याआधी त्या प्रकल्पाच्या बेवारस डिस्कांची यादी प्रमुखाच्या हाती ठेवावी, असं मी आता सरळ सुचवतो. निम्म्या वेळा नवी जागा द्यावीच लागत नाही.

सिंडरमध्ये डिस्कच्या नावाखाली वर्णनाची एक जागा असते, ती जवळजवळ नेहमी रिकामी दिसते. तुमच्या हाताखाली असा क्लाउड असेल, तर उद्यापासून त्या जागेत दोनच गोष्टी लिहायला लावा: ही डिस्क कुठल्या विभागाची, आणि ती काढताना कुणाला विचारायचं. माणसाचं नाव नको, पदाचं लिहा. माणसं बदली होऊन जातात.