पॅक

तीन पत्तीत वाईट पानं टाकायला अक्कल लागत नाही. दुर्री, पंजी, सत्ती आली की आमचे मेहुणेसुद्धा पॅक होतात. पंचाईत होते ती उत्तम पानांची. ती टाकताना लग्नाच्या पंगतीतून जिलबी वाढायच्या आत उठल्यासारखं वाटतं.

तुम्ही म्हणाल, उत्तम पानं टाकायचीच कशाला? त्यासाठी बँकेत या. ५०० रुपयांच्या चेकवरची सही आम्ही नुसती नजर टाकून पास करतो. ५ लाखांच्या चेकवरची तीच सही दोघेतिघे डोळ्यांजवळ नेऊन बघतात. सही तीच, रक्कम वेगळी. चालीला ३२ रुपयांची मर्यादा असते तोवर कलरवाला राजा. कारण समोरचा जोडीवरही रेटत असतो. मर्यादा काढा, प्रत्येकापुढे नोटांची रास असू द्या, की जोडीवाले, कलरवाले एकेक करून गळतात. मग जो उरतो, तो कशाच्या जोरावर उरतो? पोकरवाले याला ‘डीप स्टॅक’ म्हणतात आणि त्यावर जाडजूड पुस्तकं लिहितात. आम्ही ते गणपतीच्या जागरणात शिकतो.

रावेतच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवडला पाणी जातं आणि रावेतच्याच आमच्या सोसायटीत टँकर येतो. (हे विषयांतर नाही.) टँकर आला की वरच्या मजल्यावरचे काका खाली उतरून त्यात काठी बुडवून बघतात. चिंचवडच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. पत्त्यांतही रात्रभर पॅक, पॅक आणि पॅक.

गेल्या जागरणात रात्री दोन वाजता मेहुण्यांनी, स्वतःचे पैसे संपल्यावर, मर्यादा काढायला लावली. आणि मला आले एक्का-राजा-राणी! बी.कॉम.चं स्टॅटिस्टिक्स जागं झालं. कॅटमधून तीन पानं २२,१०० प्रकारांनी येतात. माझ्या सिक्वेन्सच्या वर ५२ ट्रेल आणि ४८ प्युअर सिक्वेन्स, म्हणजे अवघे १००. मी चाल करत गेलो. खजिनदारही. काकाही! तिघे असताना शो मागता येत नाही, म्हणून काकांना साइड शो मागितला. त्यांनी नुसती मान हलवली. खजिनदारांनी २०० टाकले, काकांनी ४००.

आता हे २२,१०० चं गणित पानं वाटताना खरं. पण त्यातल्या किती पानांवर हे काका ४०० रुपये टाकतील? काठीने पाणी मोजणारा माणूस! मी ४०० भरले तरी फेरी पुन्हा माझ्यापर्यंत येणार, पुन्हा ४००. माझ्यापुढे अडीच हजार उरले होते आणि सोमवारी मुलीच्या क्लासची फी होती. मी पानं पालथी टाकली.

“दाजी, ही टाकतात?” मागे बसून पानं बघणारे मेहुणे किंचाळले. पुढच्या चालीला खजिनदारही गेले. काकांनी आपली पानं न दाखवता कॅटमध्ये मिसळली आणि नोटा मोजल्या. दोनदा.

काकांकडे नुसती जोडी होती, असं मेहुणे अजून फोन करून सांगतात. परवा लिफ्टमध्ये मी विचारलंच, “काका, त्या रात्री होतं तरी काय?”

“तुम्ही ४०० भरले होते का?”

“नाही.”

“मग? इंडेंटशिवाय स्टोअरमधून माल बाहेर जात नाही,” म्हणाले, आणि टँकर बघायला गेले.