नागपूर पाहून या!



धानाची कापणी-चुरणी आटोपली की चार दिवस हाताला सवड मिळते. आपल्या भंडारा जिल्ह्यातली मंडळी एरवी नागपूरला जातात ती कामासाठी. कोणी दवाखान्यात, कोणी कोर्टाच्या तारखेला, कोणी लग्नाच्या खरेदीला. काम झाले की धावतपळत बस धरायची. यंदा एकदा निव्वळ शहर पाहायला जा. भंडाऱ्याहून अंतर अवघे 60 किलोमीटरच्या आसपास. शिदोरी बांधा, मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांनाही सोबत घ्या. सोमवार मात्र टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असते.

नागपूर ही अनेक राजवटींची राजधानी. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास ते वसवले. पुढे भोसले आले, मग इंग्रज. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरले. स्वातंत्र्यानंतर ते जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि आपला भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला. राजवटी गेल्या, पण त्यांनी बांधलेले काय टिकले आणि का टिकले, हे पाहत फिरा.

गणेशपेठेच्या बसस्थानकावर उतरलात की जवळच गांधीसागर आहे. हा तलाव गोंड राजा चांद सुलतान याच्या काळचा. त्याला आधी जुम्मा तलाव म्हणत, मग शुक्रवारी तलाव, आणि पुढे गांधीसागर. नाव बदलत गेले, तलाव मात्र तोच राहिला.

तिथून सीताबर्डीकडे चला. टेकडीवर किल्ला दिसेल. नोव्हेंबर 1817 मध्ये इथेच आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य इंग्रजांशी लढले आणि हरले. 1853 मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि दुसऱ्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. काही राष्ट्रीय दिवशीच तो लोकांना खुला होतो, एरवी खालूनच पाहावा लागतो.

थोडे पुढे गेले की झिरो माइलचा दगडी खांब आणि घोडे दिसतात. इंग्रजांच्या मोजणी खात्याची ही खूण. मैलांतली अंतरे खांबावर कोरलेली आहेत, ती मुलांकडून वाचून घ्या. मग अजब बंगला, म्हणजे 1863 सालचे मध्यवर्ती संग्रहालय. जुनी शिल्पे, शिलालेख, शस्त्रे आणि गोंड लोकांच्या वापरातल्या वस्तू इथे आहेत. घाई करू नका.

सिव्हिल लाईन्समध्ये हायकोर्टाची दगडी इमारत आहे, 1940 सालची. तारखेला गेलेला माणूस तिच्याकडे वर मान करून पाहतच नाही. यंदा पाहा. विधानभवनही याच भागात आहे. 1953 च्या नागपूर करारानुसार महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे भरते, काही वर्षांचा अपवाद सोडला तर हिवाळ्यात. राजधानीपणाची एवढी खूण उरली आहे. धानाचा भाव आणि सिंचनाचा प्रश्न घेऊन आपली माणसे मोर्चाने येतात, ती इथेच.

महाराजबागेत जरा विसावा घ्या. भोसल्यांची ही बाग आज कृषी विद्यापीठाकडे आहे. राजाच्या बागेत आता शेतकऱ्यांची मुले शेतीशास्त्र शिकतात.

शेवटी दीक्षाभूमीवर जा. 1954 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. दोनच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, त्यांनी इथे लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी नागपूरचे राजधानीपण गेले. तरीही दरवर्षी इथे देशभरातून लाखो माणसे येतात, आणि त्यांना कोणत्याही सरकारने बोलावलेले नसते.

दूरदेशीही असेच घडले आहे. युरोपातल्या बल्गेरियात आणि रुमानियात 1989 मध्ये साम्यवादी राजवटी कोसळल्या. बल्गेरियाची राजधानी सोफिया. तिथे जुन्या पुढाऱ्याची, दिमित्रोव्हची, भव्य समाधी भर चौकात होती. ती 1999 मध्ये पाडून टाकली. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट. तिथे चाउशेस्कूने लोकांच्या वस्त्या पाडून अवाढव्य महाल बांधायला घेतला होता. त्यात आज तिथली संसद भरते. एक वास्तू गेली, एक राहिली. ज्या वास्तूला पुढच्या लोकांनी काम दिले, ती राहिली.

आता हाच हिशोब आपल्या गावाला लावा. आपला जिल्हा तलावांचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी ठिकठिकाणी तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे आले. 1951 मध्ये मालगुजारी संपली. तो कायदा नागपूरच्याच विधानसभेने केला होता. तलाव सरकारी झाले, त्यांना माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, हे नाव पडले. आणि ‘सरकारचा आहे, सरकार पाहील’ असे म्हणत कित्येक गावांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. गाळ साचला, पाळ खचली, पात्रात अतिक्रमण झाले. रोवणीनंतर पाऊस दडी मारतो तेव्हा याच पाण्यावर धान तगायचे असते, हे आपल्याला तेवढ्यापुरते आठवते.

म्हणून नागपूरहून परतताना बसमध्ये मुलांना विचारा, आपल्या गावचा तलाव कोणी बांधला? उत्तर त्यांना येत नसेल तर गावातल्या म्हाताऱ्यांकडे पाठवा. आणि उन्हाळ्यात तलाव आटला की ग्रामसभेत गाळ काढण्याचा विषय जरूर मांडा. निघालेला गाळ आपल्याच बांधीत पसरता येतो. तेवढ्यापुरते खत कमी लागते आणि पहिल्या पावसाचे पाणीही तलावात जास्त थांबते.