इंजिनाची जागा

घरात नवे कपाट आले, की ते कोठे ठेवावे यावर आठवडाभर खल चालतो. आणि कपाट तर काय, चार माणसांनी उचलून पुन्हा दुसऱ्या भिंतीशी नेता येते! मोटारीच्या इंजिनाला एकदा बैठक दिली, की तिच्याभोवती नळ्या, दांडे आणि तारा यांचा केवढा तरी संसार उभा राहतो; पुढे ते बोटभर सरकवायचे म्हटले तरी तो सारा मोडावा लागतो. आमच्या जुन्या शेव्हरोले पिकअपमध्ये दुसरे इंजिन बसविण्याची वेळ आली, तेव्हा इंजिन निवडण्यास आम्हांला दोन दिवस लागले आणि त्याची जागा ठरविण्यास तीन आठवडे.

ही गाडी १९५१ सालची. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीचा जुळणीचा कारखाना तेव्हा मुंबईत शिवडीला होता; तो १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९५४ मध्ये बंद पडला. आमची गाडी तेथेच जुळविलेली, असे आजोबा अभिमानाने सांगत. त्यांनी तिच्यातून वर्षानुवर्षे गुळाच्या ढेपा बाजारात नेल्या. तिचे मूळ इंजिन एका रांगेत सहा सिलिंडरांचे, २१६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे. त्यातील दांड्यांच्या टोकांना लहानशा पळ्या असतात. फिरता फिरता त्या तेल उचलून बेअरिंगांना पाजतात. ही बेअरिंगे पार झिजली आणि ती नव्याने ओतून देणारा कारागीर आम्हांला मिळेना. शेवटी परिवहन कार्यालयाची रीतसर परवानगी काढून चार सिलिंडरांचे एक डिझेल इंजिन आणले.

ते जुन्यापेक्षा आखूड होते. बॉनेटखाली वीतभर जागा मोकळी राहू लागली आणि त्या वितीतून सारा वाद उगवला.

माझा पुतण्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याचे म्हणणे, इंजिन शक्य तितके मागे घ्यावे. “काका, रिकामी पिकअप नाकाशी जड आणि शेपटीशी हलकी असते. म्हणून तर चिखलात मागची चाके नुसती जागच्या जागी फिरतात.” हे खरेच होते. पण मी कागद घेऊन बसलो. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर ११६ इंच, म्हणजे सुमारे २९५ सेंटिमीटर. इंजिनाचे वजन अडीचशे किलो धरले आणि ते दहा सेंटिमीटर मागे नेले, तर मागच्या चाकांवर भार वाढतो जेमतेम साडेआठ किलोंचा! हौद्यात मागच्या आसावर सिमेंटचे एक पोते टाकले, तर त्याच्या जवळजवळ सहापट काम होते. आणि त्या साडेआठ किलोंसाठी इंजिन आणि केबिन यांमधील पत्र्याची भिंत कापावी लागली असती. चालकाच्या पायांची जागाही गेली असती. आजोबांच्या गाडीचा पत्रा कापायचा, या विचारानेच माझ्या पोटात गोळा आला. कापलेला पत्रा जोडता येतो. पण मग तो मूळचा राहत नाही.

इंजिनाच्या जागेचा हा पेच मोठमोठ्या कारखान्यांनाही सुटसुटीत सोडविता आलेला नाही. फोक्सवॅगनने १९५२ मध्ये काढलेल्या पिकअपचे इंजिन मागे, त्यामुळे हौद्याचा तळ उंच ठेवावा लागला. शेव्हरोलेने १९६१ मध्ये मागेच इंजिन असलेली एक पिकअप काढली. तिच्या हौद्याचा मधला भाग खाली, मागचा वर, म्हणून माल चढविण्यासाठी बाजूला उतरते फळकूट दिले. जीपच्या एका घडणीत तर इंजिन केबिनमध्येच, चालक आणि त्याचा सोबती यांच्या मधोमध! पुढे महिंद्रांनी भारतातही त्या घडणीच्या गाड्या बनविल्या. आपल्या उन्हाळ्यात तो शेजार कसा वाटत असेल, हे मी वाचकांच्या कल्पनेवर सोपवितो.

मिस्त्रींचे मत पुतण्याच्या अगदी उलट असेल, अशी माझी समजूत होती; कारण पंखा रेडिएटरच्या जवळच हवा, असा त्यांचा धोशा असे. पण ते गाडीखाली शिरले, बराच वेळ तेथेच राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, “काका, जागा तुम्ही-आम्ही कशाला ठरवायची? ती गिअरबॉक्सनं ठरवून ठेवलीय.”

त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा. बहुतेक ट्रकांत गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणारा फिरता दांडा उघडा असतो. १९५४ पर्यंतच्या या लहान शेव्हरोलेमध्ये मात्र तो एका जाड नळीत बंद आहे. मागची चाके गाडीला पुढे रेटतात, तो रेटा पाट्यांवर न येता या नळीतून गिअरबॉक्सकडे आणि तेथून चासीकडे जातो. गिअरबॉक्स हलविला, की दांडा आणि नळी दोन्ही कापणे किंवा मागचा आसच बदलणे आले. गिअरबॉक्स जागेवर ठेवायचा, तर इंजिनाची मागची बाजू जेथल्या तेथे राहणार. त्याचा मागचा किंचित उतारही तोच आणि मध्यरेषाही तीच. सरकायला वाव उरलाच नाही.

पुतण्याने त्या नळीवर हात फिरविला आणि तो निमूटपणे टेप गुंडाळू लागला.

जुन्या गिअरबॉक्सशी नव्या इंजिनाची गाठ घालण्यासाठी मधे एक जाड पोलादी तबकडी कातून घेतली. तेलाचे चेंबर पुढच्या आसाच्या वर येत होते. खड्ड्यात पाटे दबले की आस वर उचलला जातो, म्हणून तेथे चार बोटे अंतर राखले. धुराची नळी नेमकी स्टिअरिंगच्या पेटीवर आली, कारण जुन्या इंजिनाची डावीकडे होती आणि याची उजवीकडे. तिला वळसा देऊन खाली नेली. राहिली ती वीतभर मोकळी जागा. रेडिएटरपासून दूर पडलेला पंखा बाजूचीच हवा घुसळत बसतो, म्हणून मिस्त्रींनी रेडिएटरपासून पंख्यापर्यंत पत्र्याचा एक घेर बनविला. त्यालाही त्यांनी चासीत नवे भोक पाडू दिले नाही. जुन्याच भोकांत बोल्ट बसविले.

मूळ इंजिन ग्रीस माखून, ताडपत्रीत गुंडाळून गोठ्यामागच्या खोलीत फळ्यांवर ठेविले आहे. बेअरिंगे ओतणारा कोणी भेटलाच, तर ते एका दिवसात परत बसेल, असे मिस्त्री म्हणतात. पुतण्या म्हणतो, दोन दिवस लागतील.