थांबला तो राहिला

सुरतेच्या दक्षिणेस असलेले उधना हे आमचे गाव. पोटापाण्यासाठी खानदेशातून जळगाव मार्गाच्या गाडीने येऊन येथे उतरलेली मराठी कुटुंबे पुष्कळ. त्यांतलेच एक आमचे. आमचे वडील यंत्रमागावर रातपाळी करीत. दिवे लागण्याची वेळ ती त्यांची कामावर निघण्याची वेळ. त्यामुळे रोषणाईच्या इमारतींची छायाचित्रे घेण्याचा छंद आम्हांस जडला, तेव्हा त्यांना त्याचे मोठे नवल वाटे.

ते कामावरून निवृत्त झाल्यावर एका प्रजासत्ताकदिनी त्यांना घेऊन आम्ही तापीकाठच्या किल्ल्यापाशी गेलो. पोर्तुगीजांच्या स्वाऱ्यांपासून शहराचे रक्षण व्हावे, म्हणून सोळाव्या शतकात खुदावंद खानाने हा किल्ला बांधविला. आज तेथे संग्रहालय आहे.

काळोख दाटल्यावर चित्र घेतले, तर आकाश काळेठिक्कर येते आणि दिव्यांचे नुसते पांढरे डाग उमटतात. सूर्य मावळल्यावर वीस-तीस मिनिटांनी मात्र आकाश गर्द निळे होते आणि थोडा वेळ त्याचा उजेड दिव्यांच्या उजेडाशी मिळताजुळता असतो. तेवढ्यात काम उरकावे लागते. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवून आम्ही शटर आठ सेकंद उघडे ठेवणार होतो. बोटाच्या धक्क्यानेही चित्र हलते, म्हणून टायमर लावला.

बाबा कौतुकाने किल्ल्यासमोर उभे होते. आम्ही म्हणालो, “बाबा, जरा बाजूला व्हा. चित्र बिघडतं.” ते मुकाट्याने बाजूस झाले.

चित्र उत्तम साधले. रस्त्यावर एवढी वर्दळ होती, पण चित्रात माणूस एकही नव्हता. बाबांनी विचारले, “माणसं कुठं गेली रे?” चालता माणूस एका जागी क्षणभरच असतो, म्हणून इतक्या वेळात त्याची खूण उमटत नाही, असे आम्ही सांगितले. ते हसून म्हणाले, “म्हणजे थांबला तो राहिला.”

पुढे आमच्या वाचनात आले, की १८३८ साली दागेर याने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे छायाचित्र घेतले, तेव्हाही असेच घडले होते. गाड्या व माणसे सारी नाहीशी झाली. बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ तेवढा उमटला. हे बाबांना सांगावयाचे राहून गेले. त्याच पावसाळ्यात ते वारले.

त्या सायंकाळची किल्ल्याची अकरा चित्रे आमच्यापाशी आहेत. बाबा त्यांतील एकातही नाहीत. रात्रीमागून रात्री मागापाशी उभे राहून ज्यांनी आम्हांस वाढविले, ते आमच्या एका शब्दासरशी आठ सेकंद खचित स्थिर उभे राहिले असते. तो शब्द आम्ही उच्चारला नाही. उलट त्यांना बाजूस केले.

वाचकहो, नाताळात आपल्या गावचे चर्च दिव्यांनी उजळेल. आपण चित्र घ्यालच. ट्रायपॉड नसेल, तर कॅमेरा कुंपणाच्या भिंतीवर टेकवा. मात्र घरातील वडीलधाऱ्यांस दिव्यांपुढे उभे करा आणि म्हणा, “एवढा वेळ हलू नका.” चेहरा थोडा पुसट आला तरी चालेल. इमारत पुढल्या वर्षीही तेथेच असणार आहे.