पंप बदलण्याआधी

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला सरळ इलेक्ट्रिक पेट्रोल पंप बसवावा, या मताचा मी कित्येक वर्षं होतो. पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या मित्रांनाही तेच सांगायचो. आमची प्रीमियर पद्मिनी उन्हाळ्यात बोरघाट चढताना मान टाकायची. पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि इंजिन निवायची वाट बघायची, हा जाच एकदाचा संपावा असं वाटे. ते मत आता राहिलं नाही.

कार्बोरेटरचा पाइप काढून बाटलीत सोडला, तिथे ते बदललं. ठिणगी पडू नये म्हणून कॉइलला येणारी स्विचची वायर आधी काढली. मुलाने स्टार्टर मारला. पंप ठीक असेल तर पेट्रोल ठोक्याठोक्याने पिचकारीसारखं येतं. तसं ते आलं, पण बुडबुड्यांसकट. पंप धडधाकट होता. टाकीकडून येणारा रबरी पाइप क्लिपपाशी तडकून हवा घेत होता. त्या भागात पंप पेट्रोल ओढतो, म्हणून तडा गेला तरी बाहेर थेंब दिसत नाही, हवा मात्र आत शिरते.

इलेक्ट्रिक पंप बहुधा टाकीजवळ बसतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. मग तोच तडा गरम इंजिनाशेजारी पेट्रोल सांडतो. शिवाय मूळ पंप इंजिनावर चालतो, इंजिन थांबलं की तोही थांबतो. इलेक्ट्रिक पंपाला वेगळा कट-ऑफ नसेल, तर अपघातानंतरही तो चालू राहू शकतो.

घाटातल्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होते, हे खरंच आहे. पण आधी तपासणी टाकीपासून पुढे व्हावी. झाकण सैल केल्यावर गाडी सुधारली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं असतं. त्यानंतर पाइप, फिल्टर, पंप. ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. कार्बोरेटरमधली फ्लोटची निडल आणि जेट सगळ्यात शेवटी.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, आणि पनवेलच्या पावसाळ्यात उभ्या गाडीत ते ओलावाही धरतं. ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांना कळकळीची विनंती: इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, मोकळ्या हवेत, आधी सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे बसवा. पंपाचा विचार त्यानंतर करा.