चिठ्ठीशिवायचं औषध

गारगोटी, राधानगरी, गगनबावडा या रूटवर मी एसटीत कंडक्टर. बाईमाणसाला वाटेत जायची सोय मिळेलच याचा भरवसा नाही, म्हणून ड्यूटीवर निघताना पाणी घोटभरच प्यायचं आणि पहाटे आलेली कळ दाबून ठेवायची, हे अंगवळणी पडलेलं. पोट साफ होईनासं झालं तेव्हा या सवयींचा विचारही मनात आला नाही. सरळ मेडिकलमध्ये गेले आणि चूर्णाचा डबा घेतला.

झाडपाल्याचं ते सौम्य आणि डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात ते कडक, अशी माझी पक्की समजूत. चूर्णात सोनामुखी होती. डब्यावर तसं छापलेलं होतं, मी कधी वाचलं नाही. सोनामुखीतली द्रव्यं आतड्याला चेतवून आकुंचन पावायला लावतात. तीच गोळ्यांतही वापरतात. एका चमच्यानं भागेना तसे दोन झाले. पुढे शेजारणीच्या सांगण्यावरून बिसाकोडिलची गोळी आली. तीही चेतवणारीच.

ती मी रात्री कोल्हापुरातल्या गंगावेशीतून आणलेल्या म्हशीच्या दुधाबरोबर घ्यायची. या गोळीचं आवरण आतड्यात पोचेपर्यंत टिकायला हवं; दुधानं किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधानं ते आधीच विरघळतं. पोटात मुरडा पडायचा आणि मला वाटायचं, गोळी लागू पडतेय.

मध्ये एकदा डॉक्टरांनी लॅक्ट्युलोज लिहून दिलं. ते आतड्यात पाणी ओढून घेतं आणि मळ मऊ करतं. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात. पहिल्या रात्रीत काही झालं नाही म्हणून मी बाटली फडताळात ठेवून दिली आणि पुन्हा चूर्णाकडे वळले. जे खरोखर सौम्य होतं, ते असं मी स्वतःच सोडलं. इसबगोलचंही तेच. त्याला भरपूर पाणी लागतं. कमी पाण्यात ते घशात अडकू शकतं, आतड्यातही तुंबू शकतं. मी ते चार घोटांवर घ्यायची, कारण पुढे ड्यूटी होती.

सगळ्यात वाईट गोष्ट मी डॉक्टरांसमोर केली. रक्तदाबासाठी मला लघवी वाढवणारी गोळी चालू होती. पोटऱ्यांत गोळे यायला लागले, उभ्यानं तिकिटं फाडताना पाय गळायचे. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही घेता का?" मी म्हटलं, "काही नाही." चूर्णाला मी औषधच समजत नव्हते, आणि खरं सांगायचं तर या विषयावर बोलायची लाजही वाटत होती. जुलाबावाटे पोटॅशियम जातं, त्या गोळीनंही जातं. शेवटी सीपीआर रुग्णालयात रक्त तपासलं तेव्हा ते कमी निघालं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरात जे जे आहे ते पिशवीत घालून घेऊन या." त्यांनी एकेक डबा वाचला. सोनामुखी आणि बिसाकोडिल वाईट औषधं नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. ठरलेल्या मात्रेत, गरजेपुरती ती चालतात. मी ती वाढवत नेली आणि लपवली.

आता लॅक्ट्युलोज चालू आहे. रक्तदाबाची गोळी बदलली. नाश्त्यानंतर आतड्याची हालचाल वाढते, म्हणून त्या वेळी घाई न करता बसते, पायाखाली छोटा पाट घेते. ड्यूटीवर बाटली भरून नेते आणि प्रत्येक मोठ्या स्टँडवर उतरते. तिथली स्वच्छतागृहं नीट हवीत, हे मी डेपोत आता उघडपणे मागते.

मळातून रक्त जात असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पन्नाशीनंतर हा त्रास नव्यानं सुरू झाला असेल, तर मेडिकलमधून काहीही घेऊ नका, आधी डॉक्टरांकडे जा. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वारासुद्धा सरत नसेल, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. आणि जाताना घरातले सगळे डबे, पुड्या, गोळ्या बरोबर न्या, चूर्णासकट.