डाउनलोडच्या बटणाआधी दोन ओळी

शेणव्यात आमच्या घरी एक जुना कॉम्प्युटर आहे. विंडोज ७, ३२ बिट, दोन जीबी रॅम. चाचांनी मुंबईहून सेकंडहँड आणून दिलेला. अर्ज भरायला, मराठी टायपिंगला तो अजून पुरतो.

मागे एकदा संध्याकाळी भाची आली. ‘मामू, सरांनी पाठवलेली फाईल उघडत नाही, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय.’ त्यासाठी एक सॉफ्टवेअर लागणार होतं. त्याच्या वेबसाइटवर मोठं बटण होतं, खाली एवढंच लिहिलेलं: ‘विंडोजसाठी’. मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं. रेंज येत-जात होती. पाऊण तासाने फाईल उतरली, तेव्हा स्क्रीनवर आलं की हे या कॉम्प्युटरवर चालणार नाही. तोवर उरलासुरला डेटा संपला होता. सकाळी पोरगी एसटीने शहापूरला गेली आणि तिथे काम करून आली.

सपोर्ट बंद केला म्हणून माझी तक्रार नाही. जुनं कायम ओढत राहणं कुणालाच परवडत नाही. मायक्रोसॉफ्टनेच विंडोज ७चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. त्यावर चालणारं शेवटचं क्रोम म्हणजे १०९. पण हे आधी सांगायला काय जातं?

फायरफॉक्सने सांगितलं. २०२३ साली आलेली ११५ ही विंडोज ७, ८ आणि ८.१साठी शेवटची आवृत्ती, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. जुन्या कॉम्प्युटरवाल्यांना आपोआप तिच्या दीर्घ सपोर्टच्या शाखेवर नेलं. नवं काही मिळणार नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतील. पुढे त्याची मुदतही वाढवली.

‘चालतं’ आणि ‘सपोर्ट आहे’ यांत फरक असतो. जुनी स्कूटर चालते, पण तिचे पार्ट मिळत नाहीत. सॉफ्टवेअर चालत असलं, तरी त्यातली भोकं बुजवणारं कुणी नसेल तर त्यावर बँकेचं काम करू नये. हेही वापरणाऱ्याला कळायला हवं.

म्हणून बटणाच्या वर दोनच ओळी हव्यात: ‘नव्या आवृत्तीला विंडोज १०, ६४ बिट लागतं. विंडोज ७ असेल तर ही जुनी आवृत्ती घ्या. सुरक्षेच्या दुरुस्त्या अमुक तारखेपर्यंत.’ दुरुस्त्या थांबल्या असतील, तर तसं लिहा.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चाही नेहमीचा सपोर्ट संपला. आता ही वेळ आणखी कितीतरी घरांवर येईल. एसटी कुठवर जाते ते पाटीवर असतं, म्हणून माणूस स्टँडवरच ठरवतो. अर्ध्या वाटेत उतरायची वेळ येत नाही.